विझलेल्या उजेडाचे वाचन

श्रावण सरत आला की वसमत-औंढ्याकडच्या हळदीच्या शेतांत एक ठरलेला प्रकार दिसू लागतो. शेंड्याकडची कोवळी पाने आधी फिकट होतात, मग लिंबाच्या सालीसारखी पिवळी पडतात आणि कुणी वेळेत लक्ष दिले नाही तर कागदासारखी पांढरी होतात. शिरा मात्र बराच काळ हिरव्या राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मेहुण्याने असेच एक पान पिशवीत घालून आणले आणि चहाच्या कपाशेजारी ठेवले. लोहाची कमतरता आहे, हिराकस फवारा, असे त्याला सांगण्यात आले होते. फवारायला त्याची ना नव्हती. त्याला पटत नव्हते ते कारण. "दाजी, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवता. आपल्या काळ्या मातीत लोखंड कमी कसं काय पडंल? वढ्याच्या वाळूत पोरं लोहचुंबक फिरवायलेत तर मूठभर काळा चुरा चिटकायलाय."

मी पुस्तकी उत्तर दिले. ते त्याला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर देताना माझेही मन त्यात नव्हते. ही पुस्तिका त्या चहाच्या कपापासून सुरू झाली, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच.

त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. कयाधूच्या पात्रातली काय किंवा कुठल्याही ओढ्यातली काय, आपल्याकडची वाळू म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा भुगा. त्या पाषाणात वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक लोहाची ऑक्साइडे असतात. लोहचुंबकाला चिकटतो तो मॅग्नेटाइटचा चुरा. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी माती झाली. म्हणजे हळदीचे मूळ लोहाच्या खाणीतच उभे असते म्हणा ना. पण मुळाला दाणा खाता येत नाही. त्याला लोह हवे ते पाण्यात विरघळलेले, सुटे, विद्युतभार घेऊन फिरणारे. त्याला आपण आयन म्हणतो. आणि आपल्या मातीत चुनखडी भरपूर, सामू आठाच्या आसपास. अशा मातीत तीन धनभारांचा लोह आयन, म्हणजे फेरिक, तयार झाला की लगेच हायड्रॉक्साइड होऊन तांबूस साक्यासारखा बसतो. सामू एका अंकाने वाढला की विरघळलेले फेरिक सुमारे हजारपटीने घटते. सहा सामूच्या मातीत आणि आठ सामूच्या मातीत एकूण लोह सारखे असले, तरी मुळाच्या वाट्याला येणाऱ्या सुट्या फेरिकमध्ये दहा लाख पटींचा फरक पडू शकतो. वनस्पतीची मुळे यावर आपल्या परीने तोड काढतात, आम्ल सोडतात, लोहाचे रूप बदलून घेतात. पावसाळ्यात रान चिबडले की तेही जमत नाही आणि पान पांढरे पडते.

मृदा परीक्षणाची प्रयोगशाळा म्हणूनच एकूण लोह मोजत बसत नाही. लिंडसे आणि नॉरव्हेल या दोघा अमेरिकी मृदाशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये पक्की केलेली डीटीपीएची रीत आजही चालते. माती डीटीपीएच्या द्रावणात दोन तास हलवायची, सुटून येईल तेवढेच लोह मोजायचे, आणि ते किलोमागे ४.५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता समजायची. एकूण लोह त्याच किलोत हजारांनी मोजावे इतके असते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असो की जिल्ह्याची प्रयोगशाळा, मोजमाप होते ते अणुशोषण वर्णपटमापकावर. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेली ही पद्धत. फार चांगले यंत्र आहे, त्याच्याबद्दल वाकडे बोलायचे कारण नाही. पण त्याच्या ज्वालेत गेल्यावर सगळे लोह सारखेच होते. कोणते सुटे होते, कोणते बांधलेले, कोणते दोन धनभारांचे फेरस, कोणते फेरिक, हे ज्वाला सांगत नाही. आत जाण्याआधी आपण काय वेगळे केले, त्यावर उत्तर ठरते.

मला हवे होते असे काहीतरी, जे पाण्यातल्या सुट्या आयनालाच भेटेल आणि भेट झाल्याचे तिथल्या तिथे सांगेल. कार्बनचे चमकणारे ठिपके हे काम करतात, निदान करतात असे शेकडो शोधनिबंध सांगतात. ते कितपत खरे, याचा धांडोळा म्हणजे ही पुस्तिका.

आधी चमकण्याबद्दल. नोटा तपासायचा जांभळा दिवा बाजारात सहज मिळतो. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, वरचे स्वच्छ पिवळे द्रावण काचेच्या नळीत घ्या आणि अंधारात त्यावर तो दिवा धरा. पिवळ्याचे हिरवट तेज होते, जणू नळीच्या आत काही पेटले आहे. दिव्याचे किरण डोळ्याला जेमतेम दिसतात, द्रावण ते पिऊन टाकते आणि त्याहून कमी ऊर्जेचा, दिसणारा प्रकाश परत देते. याला या पुस्तिकेत मी प्रतिदीप्ती म्हटले आहे. वर्गात आम्ही सगळे फ्लुओरेसन्सच म्हणतो, तेही कुठे कुठे आले आहे. आता त्याच नळीत हिराकसीच्या जुन्या, हवेने पिवळसर झालेल्या द्रावणाचे दोन थेंब टाका. तेज मावळते. कर्क्युमिनने लोह धरले आणि उजेड गेला. माझ्या मेहुण्याला हा प्रयोग मी त्याच्याच हळदीवर, त्याच्याच फवारणीच्या बादलीतले पाणी घेऊन दाखवला होता. त्याने नळी दोनदा वर-खाली केली, आणि पहिल्यांदाच माझ्या नोकरीबद्दल त्याच्या चेहऱ्यावर थोडा आदर दिसला.

यातली युक्ती नवी नाही. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये क्विनीनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावरची निळी झाक नोंदवली. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचे कारण उलगडले आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून त्याला नाव दिले. फ्रीड्रिश गोपेल्सर्योडर यांनी १८६७ मध्ये मोरिन हे झाडापासून मिळणारे पिवळे रंगद्रव्य वापरून ॲल्युमिनियम ओळखले. ॲल्युमिनियमचा आयन भेटला की मोरिन हिरवे चमकते. वनस्पतीतले रंगद्रव्य, एक धातू आणि प्रकाश, ही तिघांची गाठ दीडशे वर्षे जुनी आहे. क्विनीनच्या चमकेवर क्लोराइडचा परिणाम होतो हे स्टोक्स यांनीच पाहिले होते. तुम्हालाही पाहता येईल. टॉनिक वॉटरची बाटली जांभळ्या दिव्याखाली निळी चमकते, त्यात चमचाभर मीठ विरघळवा, निळाई उतरते. मीठ म्हणजे काही जड धातू नव्हे. उजेड गेला म्हणून अमुकच धातू आला, असे म्हणण्याआधी हा मिठाचा चमचा आठवावा.

आता कार्बन. कोळसा, काजळी, शिसपेन्सिलीतले ग्राफाइट, हे सगळे काळे. काळे म्हणजे प्रकाश गिळणारे. ते चमकेल असे कोणाला वाटावे? २००४ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात झिआओयू शू आणि सहकारी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या (नॅनोट्यूब) शुद्ध करत होते. विद्युत ठिणगीने केलेली काजळी नायट्रिक आम्लाने धुऊन ती विद्युतक्षेत्रात जेलमधून पळवली, तेव्हा नळ्यांबरोबर आलेला काही नको असलेला भाग वेगळा झाला आणि चमकू लागला. दोन वर्षांनी क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सुन यांच्या गटाने अशा चमकणाऱ्या कणांना कार्बनचे क्वांटम ठिपके म्हटले. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते मात्र दुसऱ्याच क्वांटम ठिपक्यांना, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना. ते ठिपके अर्धवाहकांचे, बहुतेकदा कॅडमियम असलेले. पाण्यातला कॅडमियम शोधायला कॅडमियमचेच ठिपके पाण्यात टाकायचे, हे आपल्याला कसे परवडावे? कार्बनकडे लोक वळले त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

मग काजळीचे दिवस आले. २००७ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात मेणबत्तीच्या काजळीपासून, ती नायट्रिक आम्लात उकळून, वेगवेगळ्या रंगांत चमकणारे कण मिळवले गेले. त्याआधी २००५ मध्ये कानपूरच्या आयआयटीत सव्यसाची सरकार यांच्या गटाने मोहरीच्या तेलाच्या काजळीपासून पाण्यात विरघळणाऱ्या कार्बन नळ्या केल्या होत्या. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शरॉन यांनी कापरापासून कार्बनच्या नळ्या बनवल्या. दिव्यावर तांब्याचे ताट उपडे धरून काजळ धरणाऱ्या आजीला हे कळले असते तर ती म्हणाली असती, एवढं तर आम्हीबी करीत होतो. तिचे काजळ चमकत नाही, हे तिला सांगावे लागले असते. काळ्या कणाच्या पृष्ठभागावर आम्लाने ऑक्सिजनचे गट लावले, म्हणजे तो पाण्यात उतरतो आणि मग उजेड देतो.

पुढे जाळपोळीची गरजही उरली नाही. राउरकेल्याच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत २०१२ मध्ये संत्र्याच्या रसापासून ठिपके झाले. २०१३ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटाने सायट्रिक आम्ल आणि एथिलिनडायअमाइन बंद भांड्यात तापवून असे निळे ठिपके केले, की प्यायलेल्या प्रकाशातला सुमारे ८० टक्के ते परत देत होते. आणि त्यांनी त्याच ठिपक्यांनी फेरिक आयन ओळखून दाखवला. सायट्रिक आम्ल म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व. इथे मला हसू आले, कारण हिराकस फवारताना लोह पाण्यात टिकून राहावे म्हणून त्यात थोडे लिंबूसत्त्व घालायला आपल्याकडे सांगतातच. लोहाला धरून ठेवणारे आणि लोहाची खबर देणारे, दोघांचा माल एकाच पुडीतला.

बंद भांडे म्हणजे पोलादी कवचात टेफ्लॉनचा डबा. हळद शिजवायचा कुकर ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे समजावायला नको. फरक इतकाच की हळकुंडे वाफेवर शिजतात, आणि इथे डबा १८० अंशांवर पाच-सहा तास भट्टीत राहतो. आत साखळ्या तुटतात, पाणी निघून जाते, उरलेला कार्बन गोळा होतो. डबा थंड झाल्यावर उघडला की चहाच्या रंगाचे पाणी हाती येते. त्यातले कण दहा नॅनोमीटरहून लहान. डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या रुंदीत असे आठ हजारांहून जास्त ठिपके ओळीने मावतील. कणाच्या आत ग्राफाइटसारखे तुकडे, बाहेरून आम्लाचे, हायड्रॉक्सिलचे, अमाइनचे गट. लोहाला धरणारे हात ते हेच.

धरल्यावर काय होते, ते थोडे थांबून पाहू. ठिपक्याने प्रकाश प्यायला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो आणि काही नॅनोसेकंदांत खाली उतरताना उजेड सोडतो. शेजारी फेरिक आयन बसला असेल तर त्याच्याकडे रिकाम्या जागा असतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन उजेड न देता त्या वाटेने निघून जातो. हे विझणे किती झाले ते मूळ तेज भागिले उरलेले तेज असे मांडले, की धातूच्या प्रमाणाबरोबर सरळ रेष मिळते. ऑटो स्टर्न आणि मॅक्स व्होल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलेले हे नाते आजही दर दुसऱ्या शोधनिबंधात असते. जस्त किंवा ॲल्युमिनियमकडे अशा रिकाम्या जागा नसतात. ते आले की कित्येकदा ठिपका उलट अधिकच उजळतो. तांबे अमाइनवर जाऊन बसते. पाऱ्याने विझवलेला ठिपका गंधकाचा गट असलेले रेणू टाकले की पुन्हा पेटतो. ही सगळी प्रकरणे पुढे स्वतंत्रपणे आली आहेत, कार्बनच्या नळ्या आणि नॅनोहिऱ्यांवरही एक आहे. इथे मला माझ्या चुकांबद्दल बोलायचे आहे, कारण विषय मला त्यांच्याकडून जास्त समजला.

पहिली चूक बादलीची. लिंबूसत्त्व आणि युरिया घेऊन केलेला माझा पहिला घाणा असा काही झगमगला की प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा दार ओढून अंधार करून बघायला आला. शुद्ध करायचा म्हणून मी तो पडद्याच्या पिशवीत भरला, गाठ मारली आणि पिशवी ऊर्ध्वपातित पाण्याच्या बादलीत रात्रभर सोडली. लहान रेणू पडद्यातून बाहेर जातात, ठिपके आत राहतात, असा हिशेब. सकाळी जांभळा दिवा लावला तर बादली निळी चमकत होती आणि पिशवीत मळकट चहा उरला होता. उजेड देणारे ठिपके नव्हतेच, होते ते त्याच भट्टीत तयार झालेले साधे लहान रेणू. हे माझेच दुर्दैव असे मला वाटले होते. नंतर वाचनात आले की जिलिनच्याच गटाने २०१५ मध्ये असा एक रेणू वेगळा काढून दाखवला होता. त्यांच्या त्या झगझगीत निळ्या तेजाचा मोठा वाटा त्या रेणूचा निघाला. तेव्हापासून कुणी विद्यार्थी झगमगती नळी घेऊन धावत आला की मी पहिल्यांदा विचारतो, बादली बघितली का?

दुसरी चूक बोअरची. ऊर्ध्वपातित पाण्यात माझे ठिपके लोहाला छान विझत होते. सरळ रेष, देखणा आलेख. मग ठरवले की खरे पाणी घेऊ. ओळखीच्या शेतातल्या बोअरचे पाणी आणले, त्यात मोजून लोह मिसळले आणि ठिपके टाकले. विझले नाहीत. पुन्हा केले, नाही. ठिपके बिघडले म्हणून नवा घाणा लावला, तरी नाही. दोन दिवसांनी नळ्या धुवायला घेतल्या तेव्हा प्रत्येकीच्या तळाशी तांबूस साका बसलेला. मी घातलेले लोह नळीतच होते, माझ्या डोळ्यांसमोर. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने आणि चढ्या सामूने ते काही मिनिटांत साक्यात बसवले होते आणि ठिपक्यांना भेटायला कोणी उरलेच नव्हते. मेहुण्याच्या शेतात जे घडत होते ते माझ्या नळीत घडले. मी ज्याला प्रयोग फसला म्हणत होतो, ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि चहाच्या वेळी मी दिलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी चांगले. त्या नळ्यांपैकी एक मी तशीच ठेवली आहे.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा फसगत. खोलीतला उजेड दोन कारणांनी कमी होतो. दिवा विझतो, नाहीतर दिव्यापुढे कोणी येऊन उभे राहते. फेरिकचे द्रावण मुळातच पिवळे, जांभळ्यापलीकडचे किरण ते स्वतःच गिळते. ठिपक्यापर्यंत किरण पोचलेच नाहीत तर तो चमकणार कशाने? मापकावर आकडा खाली येतो, आणि आपण समजतो की लोहाने ठिपका विझवला. ठिपक्याला हातही न लावता. दिवा विझला की आडोसा झाला हे कळायला ठिपक्याचा उजेड किती नॅनोसेकंद टिकतो ते मोजावे लागते, किंवा निदान द्रावणाच्या शोषणाचा हिशेब करून दुरुस्ती करावी लागते. ही दुरुस्ती न करता छापलेले निबंध मी मोजायचे सोडून दिले.

निबंधांबद्दल बोलतोच आहे तर मनातले सांगून टाकतो. गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या सालीपासून, पाल्यापासून, पिठापासून ठिपके केले नाहीत असे स्वयंपाकघरात काही उरलेले नाही. तुळस, पपई, कांद्याची साल, बटाटा, दूध, हळद. पदार्थ बदलतो, निष्कर्ष तोच. निळे तेज, फेरिकला विझते, शोधमर्यादा अमुक मायक्रोमोलर. हे वाईट आहे असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात, जिथे मोठी यंत्रे नाहीत, तिथे एक भट्टी आणि एक प्रतिदीप्तीमापक यांवर विद्यार्थ्याला खऱ्या संशोधनाची चव मिळते. पण शोधमर्यादेचा आकडा कशासमोर ठेवायचा, हे कोणी विचारत नाही. म्हणून इथे ठेवतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, लोहाला लिटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घालते. म्हणजे सुमारे १८ मायक्रोमोलर. तिथे कार्बनचे ठिपके आरामात पोचतात. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ४८ नॅनोमोलर. पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ५ नॅनोमोलर. 'शिशासाठी उत्तम संवेदक, शोधमर्यादा १ मायक्रोमोलर' असे कोणी लिहिले तर त्याचा अर्थ असा, की पाण्यात मर्यादेच्या वीसपट शिसे येईपर्यंत तो संवेदक गप्प बसेल.

शिशाचा विषय हळदीच्या जिल्ह्यात टाळता येत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीच्या मार्केट यार्डात हंगामात पोत्यांच्या थप्प्यांतून वाट काढत चालावे लागते. ढोलात पॉलिश झालेल्या हळकुंडाचा रंग पाहून भाव ठरतो. रंगाला भाव आहे म्हटल्यावर रंग देणारेही कुठे ना कुठे असतात. बांगलादेशात काही व्यापारी हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळत. स्टॅनफर्डच्या जेना फोरसाइथ आणि बांगलादेशातल्या संशोधकांनी ते २०१९ मध्ये उघडकीस आणले. दंड, जाहिरात आणि तपासणी असे सगळे एकदम झाले, आणि २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत सापडणारे शिसे २०२१ मध्ये शून्यावर आले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम ठेवली आहे.

आता माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न. सर, हळदीची पूड पाण्यात ढवळून त्यात ठिपके टाकले तर शिसे कळेल ना? कळणार नाही. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पूड शिशाने भरलेली असली तरी पाण्यात सुटा शिसे आयन नाही, ठिपके खुशाल चमकत राहतील आणि आपण निर्धास्त होऊ. तीच पूड जठराच्या आम्लात गेली की शिसे सुटू लागते. शेतात लोह असून हळदीला मिळत नाही, आणि पुडीत शिसे असून ठिपक्याला दिसत नाही, दोन्हींचे कारण एकच. बांगलादेशातल्या तपासनीसांनी क्ष-किरणांचे हाती धरायचे यंत्र वापरले, ते एकूण शिसे दाखवते. ठिपके वापरायचेच तर आधी पूड आम्लात पचवावी लागेल, मग सामू नीट करावा लागेल, आणि कर्क्युमिनचे स्वतःचे तेज आड येते तेही बाजूला सारावे लागेल. एवढे करण्यापेक्षा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग हे ठिपके कशाला? स्वस्तात, जागेवर आणि सुट्या आयनासाठी. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायचे किट दिले गेले, रंग जुळवून उत्तर काढायचे. मृदा आरोग्य पत्रिकेवर २०१५ पासून लोहाचा रकाना आहे. या दोन्हींच्या शेजारी ठेवता येईल, त्यांची जागा घेणार नाही, असे एक साधन म्हणून मी या ठिपक्यांकडे पाहतो. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान हालचाल प्रकाशाने मोजायची. आमच्या पोरांना त्याचे फार अप्रूप, असायलाही हवे. त्याच तालुक्यात अडीचशे रुपयांचा जांभळा दिवा आणि बुटाचे खोके घेऊन बोअरचे पाणी तपासणारे कोणी असले तर तेही प्रकाशाचेच मोजमाप आहे, असे मी त्यांना सांगतो. काही जण ऐकतात.

बुटाच्या खोक्याबद्दल दोन शब्द, कारण पुस्तिकेतले निम्मे प्रयोग त्यावर आहेत. खोके आतून काळ्या कागदाने मढवायचे, एका बाजूने दिवा, काटकोनात मोबाइलसाठी भोक. मोबाइलची एक खोड लक्षात ठेवा. अंधार दिसला की तो आपणहून चित्र उजळ करतो. नळीतले तेज निम्म्यावर आले तरी फोटोत फारसा फरक दिसत नाही, आणि विद्यार्थी म्हणतो लोहच नाही. प्रकाशाचे आणि फोकसचे सेटिंग हाताने पक्के करून मगच फोटो घ्यायचा, आणि दर फोटोत लोह न घातलेली एक नळी शेजारी उभी हवीच. जांभळ्या दिव्याकडे सरळ पाहायचे नाही. टेफ्लॉनचा डबा दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, भट्टीतून काढल्यावर गरम असताना उघडायचा तर मुळीच नाही. काजळीचे प्रयोग नायट्रिक आम्लाचे आहेत, ते धुराड्याखालीच करायचे.

मेहुण्याच्या हळदीचे काय झाले, असे हे लिहिताना घरातून विचारणे झाले. हिराकस आणि लिंबूसत्त्वाच्या दोन फवारण्यांनंतर नवी पाने हिरवी आली. माझ्या ठिपक्यांचा त्यात काही वाटा नव्हता. पुढच्या वर्षी मात्र पानांची वाट न पाहता त्याने जुलैतच बोअरच्या पाण्याच्या दोन बाटल्या माझ्याकडे पाठवल्या, एसटीने, कंडक्टरच्या हाती.

पहिल्या प्रकरणाला लागण्याआधी तुम्हीही तेवढेच करा. प्लास्टिकच्या दोन बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. एकीत शिक्षकांच्या देखरेखीखाली नायट्रिक आम्लाचे मोजके थेंब टाका, दुसरी तशीच राहू द्या. दोन्हींवर गाव, बोअरची खोली, तारीख आणि पाणी भरल्याची वेळ पेन्सिलीने लिहा, शाई पुसली जाते. आम्ल घातलेली बाटली महिनाभर टिकेल. दुसरी त्याच दिवशी तपासायची, कारण पाण्यात लोह असेल तर संध्याकाळपर्यंत तिच्या तळाशी तांबूस साका दिसू लागतो आणि त्यातले लोह ठिपक्यांना दिसत नाही. दोन बाटल्यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहायला वहीत आधीच दोन रकाने आखून ठेवा.